डाव्या बाजूचा नारायण

३० जून, सोमवार

हाड मोडलं माझं आणि गृहपाठही मलाच. फणसाची चारखंडं, म्हणजे साली, अंगणात टाकली कोणी? सुनेनं. घसरलं कोण? मी. सहा आठवडे उजव्या मनगटाला प्लास्टर घालून कोण बसलं? मीच. आज ते कापलं, तर आतून निघालेला हात माझा वाटेना. सुकवलेल्या बांगड्यासारखा दुसऱ्याच कोणाचातरी. आणि व्यायाम शिकवायला घरी येते ती सायली, माझ्या नातीच्या वयाची, मला सांगते, "आजी, रोज अर्धं पान लिहायचं. बोटं सुटतील." मी म्हटलं, "बाय, माझी इस्कोल तिसरीत सुटली. बोटं आता कुठून सुटणार?" ती हसली. हसायला तिचं काय जातं.

श्री लिहायचं राहिलं. ॥ श्री ॥ वहीबाई, नमस्कार. रागावू नको, तुझा काही दोष नाही.

अंगठा दुखला. पुरे.

२ जुलै

ही वही कोणीतरी चोरून वाचणार, मला माहीत आहे. म्हणून वाचणाऱ्याला आधी सगळं सांगून ठेवते, मग मध्येच विचारायला नको.

मी प्रभावती. गाव मये. मुलगा श्रीनाथ, वय सत्तेचाळीस, डिचोलीला सरकारी ऑफिसात. सून विनिता, बालवाडीत शिकवते, दुपारी एकला येते. नात समीक्षा बेळगावला शिकायला. मधल्या दगडी गडग्यापलीकडचं घर माझ्या धाकट्या दिराचं. दीर गेला, त्याच्या आधी माझा नवरा गेला. आता पलीकडे माझी जाव शांता, तिचा मुलगा गौरेश आणि सून संजना. शांतानं जूनमध्ये गुडघा बदलून घेतला म्हणे, घरातच असते. मला पाववाल्या पोदेराकडून कळलं. मी विचारायला गेले नाही, कारण त्या घराशी आमचं बोलणं बारा वर्षं बंद आहे. बारा वर्षांमागे चवथीला, भर पंगतीत, शांता म्हणाली की वयनीच्या, म्हणजे माझ्या, नेवऱ्या तेलात फुटल्या. एवढं कारण पुरे आहे.

गणपती मात्र दोन्ही घरांचा एकच. एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. त्यांच्या वर्षी आम्ही जातो, आरती म्हणतो, भिंतीकडे बघत जेवतो आणि परत येतो. यंदा पाळी आमची. ज्या घरी गणपती, त्या घरच्या सासूनं नैवेद्याच्या एकवीस नेवऱ्यांना आपल्या हातानं मुरड घालायची. सुनेनं लाटावं, आत गोड चून भरावं, तळावं, पण मुरडीला हात लावायचा नाही. हा आमच्या सासूबाईंचा नियम. बाहेरचे लोक नेवरीला करंजी म्हणतात आणि तिची कड कातण्यानं कापतात. कापोत.

चवथ सत्तावीस ऑगस्टला आहे. आज माझा अंगठा तर्जनीला लागत नाही, पेन मुठीत धरून लिहिते.

५ जुलै

चपातीच्या पिठावर मुरड घालून बघितली. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसली. विनितानं बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. ते मला जास्त लागलं.

जेवताना श्रीनाथ भाताकडे बघून म्हणतो, "आई, यंदा पलीकडे बसवूया काय गणपती? फुडल्या वर्सा आपल्याकडे घेऊ."

"आणि सोयऱ्यांना काय सांगणार? हिचे हात गेले म्हणून?"

"तसं कोण म्हणतलो गो."

"शांता म्हणतली. गुडघ्याच्या खाटेवर बसून म्हणतली."

त्यानं भात पुढे ओढला. गप्प होण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. जेवल्यावर मी माळ्यावरून गणपतीचा पाट काढायला लावला आणि माझ्या खाटेखाली ठेवला. नागपंचमीला तो पाट मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेत गेला की गणपती आमच्याकडे बसणार हे ठरलं. तोवर पाटाला कोणी हात लावला तर माझा डावा हात अजून चांगला आहे.

९ जुलै

श्रीनाथ ऑफिसातून येतो, चहा पितो आणि समीक्षाच्या खोलीत दार लोटून बसतो. मला वाटायचं घरी फायली आणतो. आज बाहेरून फिरून जनेलाच्या गजांतून बघितलं.

टीव्हीवर एक बाई. केस मोकळे, दोन्ही हातांत कोयते. समोरून शिंगवाले राक्षस येतायत आणि ती त्यांना केळीच्या गाभ्यासारखी कापतेय. आणि श्रीनाथ खुर्चीच्या टोकाला, जीभ दातांत, हातात एक काळी कुर्ली. खरंच कुर्लीसारखीच वस्तू, दोन बाजूंना दोन नांग्या आणि वर दोन डोळे. डोळे अंगठ्यानं फिरवले की बाई धावते, बटण दाबलं की कापते. समीक्षानं हे यंत्र घेतलं होतं, ती बेळगावला गेली आणि बापाला लागलं.

मी आत जाऊन म्हटलं, "हीच काय रे तुझी फाईल?"

तो उभाच राहिला. "आई, जरासो वेळ गो. डोकं हलकं होतं."

"हलकंच आहे. आणखी किती करतलो?"

पण वहीत खोटं लिहायचं नाही. हा माझा मुलगा साहेब आला की उभा राहतो आणि साहेब गेला तरी उभाच असतो. भाजीत मीठ नसलं तर मुकाट जेवतो. तोच आज एका फटक्यात बारा राक्षस आडवे करत होता आणि तोंडानं "ये, ये, तूंय ये" म्हणत होता. हा माझ्या पोटचा आहे हे सत्तेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा पटलं.

१२ जुलै

सायली आली. रबराचा चेंडू दाबायला दिला होता तो मी दोन दिवस दाबला नव्हता. चेंडू दाबून काय होतं? काहीच होत नाही. तो पुन्हा फुगतो आणि तोंडाकडे बघत बसतो. तिला मेजावर ती कुर्ली दिसली. म्हणाली, "आजी, हे धरा बघू. अंगठ्याला याच्यासारखा व्यायाम नाही. रोज वीस मिनिटं."

"या वयात राक्षस मारू?"

"मग चेंडू दाबा."

पोरगी दिसते तेवढी साधी नाही.

१४ जुलै

सकाळी अकराला घरात कोणी नसताना यंत्र लावलं. कसं लावायचं ते श्रीनाथनं रविवारी दाखवून ठेवलं होतं, वर बजावलं, "आई, कोणाक सांगू नको." कोणाला सांगणार? विनिताला? ती बालवाडीत सगळ्यांना सांगेल.

नऊ वेळा मेले. पहिल्यांदा तर राक्षस यायच्या आधीच पुलावरून ओहोळात पडले.

१५ जुलै

चौदा वेळा मेले, पण सात मारले. पहिला मेला तेव्हा मी उठून जनेलातून बाहेर बघितलं, कोणी बघत तर नाही ना.

१७ जुलै

आता कळतं. छोटे शिंगवाले झुंडीनं येतात. त्यांना मी पेडवे म्हणते, कारण जाळ्यात पेडवे येतात तसेच येतात, एकासारखा एक आणि मोजायची सोय नाही. पेडव्यांना दोन हलके वार आणि एक जड. हलके चौकोनाच्या बटणावर, जड त्रिकोणाच्या. दोन हलके, एक जड. उखळात भात कांडताना दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि मुसळ पडायचा ताल बसतो, तसं आहे. एकदा ताल बसला की हात आपोआप चालतो आणि डोकं रिकामं राहतं. वर एक आकडा चढत जातो, न थांबता किती मारले त्याचा. आज एकेचाळीस झाला. अंगावर काटा आला. लग्नात आला नव्हता.

१९ जुलै

आज खेळात दुसरा कोणीतरी आला. ढालवाला, जाडा, हातात कुऱ्हाड. मी म्हटलं मोठा राक्षस आला म्हणून आधी त्यालाच दोन हाणले. लागले नाहीत. तो गप्प उभा राहिला, मग माझ्या डाव्या बाजूला येऊन पेडवे मारू लागला. त्याच्या डोक्यावर नाव आहे, पण इंग्रजीत. माझी मराठी तिसरी.

संध्याकाळी श्रीनाथला विचारलं, "तो कुऱ्हाडवाला कोण रे?"

त्याचा चहा सांडला. "तो... तो नारायण. ऑफिसातलो. डिचोलेंत रावता."

"सकाळी अकराला?"

"रजेर असतलो."

सरकारी ऑफिसातला माणूस रोज सकाळी अकराला घरी बसून राक्षस मारतो. लोकांचे दाखले का मिळत नाहीत ते आज कळलं.

२३ जुलै

नारायण रोज येतो. वळायचं झालं की डावीकडेच वळतो, उजवीकडे वाट असली तरी. पण माणूस भरवशाचा. मी आंधळ्यासारखी मध्ये घुसते तेव्हा डावी बाजू तो सांभाळतो. पडले तर येऊन उठवतो. खेळात पडलं की आपलं एकच बटण चालतं, ते दाबलं की घंटा वाजते. दुसऱ्यानं जवळ येऊन त्याचं बटण सात मोजेपर्यंत दाबून धरायचं, तेव्हा आपण उठतो. मध्ये सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आज मासेवालीचा भोंगा वाजला तेव्हा मी खेळ थांबवून गेले. परत आले तर नारायणही तेव्हाच परत येत होता. डिचोलीतही मासेवाली त्याच वेळी जाते वाटतं.

२५ जुलै

श्रावण लागला. घरात मासळी बंद. पेडवे कापू की नको? अकरापर्यंत हाच विचार. शेवटी नीट बघितलं, पेडव्यांचं रक्त निळं आहे. चालतं.

२९ जुलै, नागपंचमी

अंगठा तर्जनीला लागला. सायलीनं मोजपट्टीनं बघितलं आणि म्हणाली, "आजी, हे चेंडूनं झालं नाही." मी म्हटलं, "दोन हलके, एक जड." ती म्हणाली, "पलीकडच्या आजीपण हल्ली अकराला हलत नाहीत. मला बाराला बोलावतात." मी म्हटलं, "तिचं मला सांगू नको." तिनं तोंड मिटलं, पण हसू मिटलं नाही.

पाट खाटेखालून काढला, धुतला, हळद-कुंकू लावलं आणि श्रीनाथच्या हातात दिला. तो दारात घुटमळला. "आई, नक्की गे? मागीर जमलं ना तर?"

"पाट उचल आणि चालू लाग."

गेला. आता मागे फिरणं नाही. एकवीस मुरडी, एकोणतीस दिवस.

३ ऑगस्ट, रविवार

आज सगळे घरी, म्हणून खेळ नाही. हात नुसता शिवशिवतोय. लाज वाटते लिहायला, पण मला हे एवढं का आवडतं?

पन्नास वर्षं मी कापतेच आहे. आदोळीवर, म्हणजे विळीवर, मासे, आदोळीवर भाजी, कोयत्यानं गवत, कोयत्यानं नारळ. कापलेलं कधी संपलं? आज कापा, उद्या पुन्हा तेवढंच. राक्षस एकदा मेला की मेला. आणि एवढी कापाकापी झाल्यावर ओटा पुसायचा नाही, खवलं वेचायची नाहीत. दुसरं म्हणजे तिथे वार चुकला तर चुकला दिसतो, लागला तर लागला. माणसांत असं नसतं. मी एखाद्याला बोलते, ते लागलं की नाही कळायला दहा वर्षं जातात, आणि कळतं तेव्हा परत घेता येत नाही. तिथे मेलं की पुलाच्या अलीकडून पुन्हा सुरू.

श्रीनाथला विचारलं, "तुला का रे आवडतं?" त्यानं कान खाजवला. म्हणाला, "आई, थंय हांव मध्ये उभो रावता. हांगा सदांच कडेक." तिथे मधोमध, इथे सदा कडेला, माझा मुलगा. त्याला आणखी एक पापड दिला.

८ ऑगस्ट

पलीकडे शांताच्या घरात काय चाललंय कळत नाही. अकरापासून बारापर्यंत तिचा आवाज गडग्यावरून येतो, "मार! मार गे ताका! फाटल्यान आयलो, मागसून!" कोंबड्यांमागे धावते वाटतं. नवीन गुडघ्यावर कोंबड्यांमागे धावायचं म्हणजे डॉक्टरचे पैसे पाण्यात. सांगणार कोण? बोलणं बंद आहे.

नारायणबरोबर आज दोनशे बारा. मध्येच वीज गेली. नंतर आले तर नारायणचीही गेली होती वाटतं, कारण आम्ही दोघं एकदमच पुन्हा पुलाच्या अलीकडे उभे.

पुलावर एक सहा हातांचा आहे. त्याच्यापुढे दोघांचंही काही चालत नाही.

१० ऑगस्ट

पिठावर मुरड: पाच. पाचही उभ्या राहिल्या. विनिता म्हणाली, "आई, पयल्यासारखी!" पहिल्यासारखी नाही, पण तिला काय कळतं. सहावीला अंगठा वळेना.

१३ ऑगस्ट

सहा हातांच्यानं आज चार वेळा मारलं. प्रत्येक वेळी नारायण मला उठवायला आला आणि स्वतः मेला. पळून गेला असता तर वाचला असता. मूर्ख माणूस. असा मूर्ख मी दुसरा बघितला नाही.

म्हणजे एक बघितला आहे. सासूबाई आजारी होत्या त्या वर्षी मला बाळंतपण आलं, तेव्हा दोन्ही घरांचं कांडप, दळप, गुरं शांतानं एकटीनं ओढली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ती डावरी आहे. सगळं डाव्या हातानं. आदोळीपण उलटीकडून लावते.

बसल्या बसल्या आणखी एक लिहून टाकते, कारण वही पुढे बोलणार नाही. नेवऱ्या फुटल्या असं ती बोलली ते खरं. पण आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात मी बोलले होते, चार बायकांसमोर, की डाव्या हाताची मुरड देवापुढे चालत नाही. सासूबाई असं कधी म्हणाल्या नव्हत्या. ते माझंच. ती मदतीला आली होती, हात धुऊन, पदर खोचून. तशीच पदर सोडून गेली.

आणि माझ्या नेवऱ्या फुटल्या होत्याच. सहा.

अंगठा दुखला. पुरे. उगाच लिहिलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

नीट लिहायला पाहिजे म्हणून मेजाशी बसून लिहिते.

अकराला पूल. सहा हातांचा. त्याचा डाव्या हातांचा फटका नारायणनं ढालीवर घ्यायचा आणि तेवढ्यात मी उजवीकडून गुडघ्यावर मारायचं, असं आमचं न बोलता ठरलेलं. चार हात पडले. पाचवा पडला. मग त्यानं सहाव्यानं नारायणला असा मारला की तो पुलाच्या टोकाला जाऊन आडवा. घंटा वाजू लागली. मध्ये पेडवेच पेडवे. माझ्या अंगात रक्ताचा थेंब उरलेला, एक फटका आणि मी पण गेले.

मी म्हटलं, आधी ह्याला संपवते, एकच हात उरलाय. मग उठवीन.

आणि तेव्हा गडग्यावरून, उघड्या जनेलातून, स्पष्ट आवाज आला. "अगे वयनी, उठय गे माका! माका उठय पयली!"

वयनी.

बारा वर्षांनी.

माझे अंगठे कुर्लीवर थांबले. घंटा टीव्हीतून वाजत होती आणि हाक जनेलातून येत होती आणि दोन्ही एकच होत्या. कोंबड्या नव्हत्या. नारायण नव्हता. डावीकडे वळणारी शांता होती.

मग मी सहा हातांच्याला सोडलं आणि पेडव्यांतून धावले. जवळ जाऊन अंगठा दाबला. एक, दोन, तीन. चारला अंगठा घसरायला लागला. पाचला मनगटात कळ आली, थेट कोपरापर्यंत. मी दुसऱ्या हातानं अंगठ्यावर अंगठा ठेवला. सहा. सात.

ती उठली.

दोघींनी मिळून त्याचा सहावा हात पाडला. पूल मोकळा झाला, वाजंत्री वाजली. पलीकडच्या जनेलात कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि मग एकदम गप्प झालं. तिच्या लक्षात आलं असणार की हाक बाहेर ऐकू गेली.

मी यंत्र बंद केलं. पाणी प्यायले. दोन तांबे.

१९ ऑगस्ट

श्रीनाथला म्हटलं, "नारायणची बदली झाली काय रे?"

"कोण ना..." आणि चेहरा पांढरा.

मग सगळं बाहेर. तो आणि गौरेश सात वर्षं रोज संध्याकाळी खेळतात. आयांनी बोलू नका सांगितलं, म्हणून बोलत नाहीत. नुसते राक्षस मारतात. "आई, तुजो शब्द मोडूंक ना," म्हणतो. सरकारी माणूस! नियम मोडत नाही, त्याला दार काढतो. शांता गुडघ्यामुळे दिवसभर रडत बसायची म्हणून गौरेशनं तिलाही शिकवलं.

"तिला ठाऊक होतं? मी म्हणून?"

"पयल्याच दिसा. तुवें तिका मारले ना दोन? काकी म्हणाली, ही वयनीच."

दारामागे विनिता तोंडात पदर कोंबून. ह्या घरात मी एकटीच राहते आणि बाकी सगळे माझ्यावर नाटक करतात.

मी सांगून टाकलं, मला काही ठाऊक नाही आणि मी काही विचारलं नाही.

२० ऑगस्ट

अकराला गेले. तीही आली. पलीकडचं जनेल आज बंद होतं. चारशे मारले.

२२ ऑगस्ट

मी माझ्याकडचं जनेल उघडं ठेवलं. वाऱ्यासाठी.

२४ ऑगस्ट

गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणली श्रीनाथनं, सुपारीचे घड, कवंडळं, आंबाडे. साल, म्हणजे पुढची खोली, भरून गेली. पिठावर मुरड: अकरा. म्हणजे बारावी नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार, दुपार

उद्या चवथ. विनिता सकाळपासून लाटतेय. चून, खोबरं, गूळ, वेलची, सगळं जागच्या जागी. मी आंघोळ करून पाटावर बसले आणि एकवीस मोजून घेतल्या.

पहिली घातली. छान बसली. दोन, तीन. सरळ उजवीकडे कललेली, दोरी वळल्यासारखी मुरड. श्रीनाथ दारात उभा राहून बघत होता, त्याला हाकलला. आठ झाल्या. नववीला अंगठा बसला. बसला म्हणजे तळ्यात म्हैस बसते तसा. तेल लावलं, गरम पाण्यात धरला, शिव्या दिल्या. हलेना; हे पानही पुन्हा पेन मुठीत धरून खरडतेय.

विनिता हळूच म्हणाली, "आई, हांव घालता. कोणाक कळचें ना."

"मला कळतलं."

"मग सगळ्या साध्या ठेवूया?"

"मग कातणं आण आणि माझं नाकच काप."

ती रडकुंडीला आली. चांगली पोर आहे, ते मी तिला कधी सांगणार नाही. म्हटलं, "रडू नको, पीठ खारट होईल." श्रीनाथ बाहेरून म्हणतो, "आई, पाट अजून बदलूं येता. गौरेशाक सांगू? गणपती थंय..." मी म्हटलं, "गणपती इथेच बसणार. गप्प राव."

तेरा उरल्यात. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवल्यात, तासाभरापेक्षा जास्त तग धरणार नाहीत. नियम म्हणतो, सासूच्या हाताची मुरड. कुठल्या सासूची, असं सासूबाईंनी सांगितलेलं नाही. शांतालाही सून आहे. आणि कुठल्या हाताची, असंही त्यांनी सांगितलेलं नाही. ते मी सांगितलं होतं. माझं मी मागे घेते. इथे घेते, वहीत, आणि ती आली तर तिच्या तोंडावर घेईन, एकदाच, दुसऱ्यांदा म्हणायला लावलं तर नाही.

उद्या ताटात आठ मुरडी उजवीकडे कललेल्या दिसतील आणि तेरा डावीकडे. सगळे सोयरे वाकून वाकून बघतील. बघू देत. माझ्या फुटल्या तर तिनं पंगतीत सांगावं. तिच्या फुटल्या तर मी सांगेन.

आता पडलेली मी आहे, माझं एकच बटण चालतंय. तर विनिता, हे पान वाच आणि हात धुऊन गडग्याकडे जा. शांताला हाक मारायची आणि एवढंच म्हणायचं, वयनीनं घंटा वाजवली आहे, तेरा उरल्यात, डावा हात पाहिजे. दुसरं काही बोलायचं नाही, माझ्या अंगठ्याचं कौतुक नको. आणि उत्तर शांतानं द्यायचं, तिनं स्वतः, काठी घेऊन चालत येऊन माझ्या दारात. गौरेशनं नाही, संजनानं नाही, आणि त्या नारायणानं तर मुळीच नाही.